झाडाला ‘मेद’ आणि ‘तणाव’?

नागपूरच्या कृषी शाखेतल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे : लिपिडपासून, म्हणजे तेल-चरबीसारख्या पदार्थांपासून, तयार होणारे जे रेणू वनस्पतीला संकटाची वर्दी देतात आणि वाढीतही भाग घेतात, त्यांना एका टिपणात ‘मेदजन्य तणाव-संदेशवाहक’ म्हटलंय. हे बरोबर आहे का?

अर्थ पोचतो. पण ‘मेद’ म्हटलं की आपल्याला पोटाचा घेर आठवतो. आयुर्वेदातही मेद सात धातूंपैकी एक, म्हणजे अंगातलाच. ‘स्नेह’ मात्र ऐसपैस : तूप, तेल, वसा, मज्जा हे चार स्नेह, आणि त्यातलं तेल तर तिळावरूनच आलेलं. ‘स्नेह’ ज्या ‘स्निह्’ या संस्कृत क्रियाधातूपासून आला, त्यातूनच ‘स्निग्ध’. म्हणून ‘स्निग्धजन्य’ म्हणा. ‘मेदाम्ल’ (फॅटी ॲसिड) पाठ्यपुस्तकांत रुळलाय, त्याला हात लावू नये.

या रेणूंतला सर्वांत गाजलेला म्हणजे जास्मोनिक आम्ल. अळीनं पान कुरतडलं की हरितलवकाच्या पटलातून अल्फा-लिनोलेनिक आम्ल सुटं होतं. हे १८ कार्बनचं मेदाम्ल. आपल्या जवसाच्या तेलात भरपूर असतं तेच. लायपॉक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) त्याला ऑक्सिजन जोडतं आणि पुढच्या काही पायऱ्यांनंतर जास्मोनिक आम्ल तयार होतं. मग पान अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं बनवू लागतं. त्याचंच मिथाइल रूप १९६२ मध्ये जाईच्या जातीतल्या (जॅस्मिनम) फुलांच्या तेलातून वेगळं केलं गेलं, म्हणून हे नाव. त्याचा माग फारसी ‘यास्मीन’पर्यंत जातो. हे रूप हवेतूनही पसरतं : १९९० मध्ये फार्मर आणि रायन या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की त्याच्या वाफेनं न दुखावलेलं टोमॅटोचं रोपही तीच प्रथिनं बनवतं. आणि काम फक्त बचावाचं नाही. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात जास्मोनेट (जास्मोनिक आम्ल आणि त्याची रूपं) बनलंच नाही, तर परागकोश वेळेवर उकलत नाहीत आणि बी धरत नाही.

आता ‘तणाव’. तो सीमेवर असतो, घरात असतो. झाडाला असतो तो ‘ताण’, आणि हा शब्द काटोल-नरखेडच्या संत्रावाल्यांना कुणी शिकवायला नको. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडून बाग ‘ताणावर सोडतात’, मग पाणी देऊन ‘ताण तोडतात’. इतकं नेमकं क्रियापदासकट हाती असताना तणाव कशाला? फक्त एक पथ्य. वावरातला ताण मुख्यतः पाण्याचा असतो. ‘पऱ्हाटीला बोंडअळीचा ताण बसला’ असं कुणी बोलत नाही. तिथे इजा किंवा उपद्रव म्हणावं.

‘संदेशवाहक’ही मला लांबट वाटतो, ‘संदेशक’ पुरे. प्रबंधात ‘वनस्पतींच्या ताण-प्रतिसादातले आणि वाढीतले स्निग्धजन्य संदेशक’ लिहा. शेतकऱ्यांसाठीच्या पत्रकात मात्र सरळ ‘जास्मोनेट’ लिहून ते काय करतं एवढं सांगा.