बी.एस्सी. फॉरेन्सिक करून पोस्टमॉर्टम करता येतं का?

प्रश्न: माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला पोस्टमॉर्टम करणारी डॉक्टर व्हायचंय. बी.एस्सी. फॉरेन्सिक सायन्स केलं तरी ते काम मिळतं, असं तिला क्लासमध्ये कुणी सांगितलं. घरात मात्र सगळे म्हणतात, ‘मुलीच्या जातीनं मढी कशाला चिरायची?’ मी काय करू? – एक आई, कराड

उत्तर: ताई, क्लासमधली ती माहिती चुकीची आहे. तिच्या भरवशावर प्रवेश घेतलात तर मुलीची तीन वर्षं भलत्याच वाटेला जातील. बी.एस्सी. फॉरेन्सिकची मुलं प्रयोगशाळेत काम करतात. डीएनए, विषं, हस्ताक्षर, बंदुकीच्या गोळ्या तपासतात. काम मोलाचंच आहे, पण शवविच्छेदन फक्त डॉक्टर करतो. त्यासाठी नीट आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस. यातली तज्ज्ञ व्हायचं तर पुन्हा नीट-पीजी आणि तीन वर्षं एम.डी. फॉरेन्सिक मेडिसिन.

आता घरच्यांचं म्हणणं. मढं चिरणं हा या कामाचा लहान भाग. खरं काम मत देण्याचं. समजा, सासरी बाईनं गळफास घेतला असं पंचनाम्यात लिहून आलंय. फासाचा व्रण बहुधा मानेवर वरच्या बाजूला, तिरका असतो आणि गाठीपाशी तुटतो. दोरीनं आवळलं असेल तर तो बहुधा खाली, आडवा आणि मानेभोवती सलग असतो. जळालेल्या बाईच्या श्वासनलिकेत काजळी सापडली तर आग लागली तेव्हा तिचा श्वास चालू होता. नाही सापडली तर आधीच मारून जाळलं का, हे तपासावं लागतं. जिला आता बोलता येत नाही, तिच्या बाजूनं हे पाहणारी डॉक्टर आपल्या घरातली असावी, यात कमीपणा कसला?

अवघड काय आहे, तेही सांगते. मृत्यूचं कारण दर वेळी टेबलावर सापडत नाही. विषाचा संशय असला की जठर, यकृत, मूत्रपिंडाचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात सीलबंद करून पोलिसांमार्फत मुंबईत कलिन्याच्या किंवा विभागीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवतात आणि अहवालावर ‘मत राखून ठेवले’ असं लिहितात. उत्तर यायला महिने लागतात. तोवर नातेवाईक विचारत राहतात, विम्याचे पैसे अडतात, पोलीस घाई करतात. अशा वेळी ‘अजून सांगता येत नाही’ हे ठामपणे म्हणता यायला हवं. कोठडीतला मृत्यू असेल तर दंडाधिकारी चौकशी होते आणि डॉक्टरच्या प्रत्येक शब्दाला वजन येतं. काही वर्षांनी साक्षीला बोलावणं येतं. तेव्हा आठवणीचा भरवसा नसतो, आपण लिहिलेल्या नोंदी आणि मोजमापं तेवढी हाताशी असतात. बचावाचा वकील त्यातला एकेक शब्द उलटून पाहतो. म्हणून मला विचाराल तर लेकीला रक्त बघवतं का, याहून तिला नेमकं आणि न कंटाळता लिहिता येतं का, हे आधी बघा.

आणि हे काम फक्त मृतांचं नाही. जखमांचे दाखले, वयाचा अंदाज, लैंगिक अत्याचार झालेल्या बायकामुलींची तपासणीही याच विषयात येते. अत्याचार झालेल्या बाईची बोटं घालून केली जाणारी ‘टू-फिंगर टेस्ट’ बंद व्हावी म्हणून सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ही चाचणी करणं हे गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये बजावलं. एका शाखेच्या डॉक्टरांनी मनावर घेतलं तर काय बदलू शकतं, हे मुलीला जरूर सांगा.

पैशाचं म्हणाल तर या शाखेत स्वतःचा दवाखाना असा सहसा नसतोच. नोकरी मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांत. पीजीला या शाखेकडे मुलांचा ओढा कमी, त्यामुळे जागा मिळणं मेडिसिन किंवा रेडिओलॉजीपेक्षा सोपं जातं.

आता लगेच करायचं ते. शवागार दाखवायला कुणी ओळखीचा शोधू नका. परीक्षा झाल्यावर तिला जवळच्या सत्र न्यायालयात घेऊन जा. खुनाच्या खटल्यात डॉक्टरची उलटतपासणी असेल त्या दिवशी मागच्या बाकावर बसून ऐकू द्या. खुल्या न्यायालयात सहसा कुणी अडवत नाही. नीटचा फॉर्म भरलाय ना, तेवढं मात्र आजच बघा.