आपले प्रश्न : कुत्रा पाळल्याने आयुष्य वाढते का?

प्रश्न : स.न.वि.वि. मी बँकेतून निवृत्त झालेला 66 वर्षांचा गृहस्थ असून सांगलीत एकटाच राहतो. पत्नीचे दोन वर्षांपूर्वी निधन झाले. रक्तदाबाची गोळी नऊ वर्षे चालू आहे आणि साखर काठावर आहे. मुलगी नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये असते. तिकडे लाखो लोकांचा अभ्यास झाला असून कुत्रा पाळणारी माणसे, त्यातही एकटी राहणारी, जास्त जगतात असे सिद्ध झाले आहे, असे ती सांगते. मी लॅब्राडॉरचे पिल्लू आणावे असा तिचा आग्रह आहे. लहानपणी आमच्या वाड्यात कुत्रा होता, त्यामुळे मला भीती वाटत नाही. परंतु आयुष्य वाढते हे खरे मानावे का, आणि या वयात पिल्लू आणणे शहाणपणाचे ठरेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या कन्येने सांगितलेला अभ्यास खरा आहे. तो उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केला. मात्र त्यात ‘सिद्ध झाले’ असे कोठेही म्हटलेले नाही.

स्वीडनमध्ये 2001 पासून प्रत्येक कुत्र्याची मालकाच्या नावे सरकारी नोंद करणे सक्तीचे आहे. तेथील प्रत्येक नागरिकाला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि रुग्णालयातील दाखला, आजाराचे निदान, मृत्यू यांच्या नोंदी त्याच क्रमांकाखाली होतात. त्यामुळे कोणाच्याही दारावर प्रश्नावली घेऊन न जाता 40 ते 80 वर्षे वयाच्या 34 लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी संशोधकांना एकमेकींशी जुळवून पाहता आल्या. सुरुवातीला हृदयविकार नसलेल्या या लोकांचा सुमारे बारा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता त्यांच्यात मृत्यूचा धोका 33 टक्क्यांनी कमी आढळला. भरल्या घरात राहणाऱ्यांमध्ये हाच फरक 11 टक्के होता. शिकारीसाठी पैदास झालेल्या, म्हणजे भरपूर पळवावे लागणाऱ्या जातींच्या मालकांमध्ये तो अधिक ठळक होता.

‘33 टक्के’ या आकड्याचा अर्थ आयुष्याची 33 टक्के वर्षे वाढली असा नाही. केवळ समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एकट्या राहणाऱ्या शंभर माणसांपैकी बारा वर्षांत पंधरा जण दगावत असतील, तर कुत्रा असणाऱ्या तशाच शंभरांपैकी दहा दगावले, एवढाच त्याचा अर्थ. दोन्हीकडची बहुसंख्य माणसे जिवंतच राहिली.

आता मुख्य शंकेकडे वळू. कुत्रा आहे म्हणून माणूस निरोगी राहतो, की निरोगी माणूसच कुत्रा आणतो? ज्याचे गुडघे धरले आहेत, ज्याला दोन जिने चढताना धाप लागते किंवा ज्याचे महिन्यातील दहा दिवस दवाखान्यात जातात, तो माणूस कुत्रा आणण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. म्हणजे दोन गट तुलनेसाठी घेतले, त्याच दिवशी ते तब्येतीने सारखे नव्हते. स्वीडनच्या संशोधकांनी वय, उत्पन्न, वैवाहिक स्थिती वगैरे फरक हिशेबात धरले. परंतु सरकारी नोंदवहीत कोण किती सिगारेटी ओढतो आणि कोण रोज किती चालतो, हे लिहिलेले नसते. स्वीडनमध्येच जुळ्या भावंडांच्या 35 हजारांहून अधिक जोड्यांचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्रा पाळण्या-न पाळण्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील निम्म्याहून अधिक वाटा आनुवंशिकतेचा असावा, असे त्यात दिसले. तेव्हा कुत्रा पाळण्याची ओढ आणि तब्येतीची ठेवण या दोन्ही गोष्टी काही प्रमाणात एकाच रक्तातून येत असतील, ही शक्यता झटकून टाकता येत नाही.

शेजारच्या नॉर्वेमध्ये 2017 मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत कुत्रा पाळणे आणि मृत्यूचे प्रमाण यांचा काहीही संबंध आढळला नाही. ही बातमी आपल्या कन्येपर्यंत पोहोचली नसावी, आणि त्यात तिचा दोष नाही. ‘फरक आढळला नाही’ ही बातमी कोणी छापत नाही.

या विषयाची सुरुवात झाली ती एका लहानशा अमेरिकी अभ्यासातून. एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयरोग विभागातून घरी गेलेल्या 92 रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला आणि 1980 मध्ये तो प्रसिद्ध केला. घरी पाळीव प्राणी असलेल्या 53 जणांपैकी तिघे दगावले, प्राणी नसलेल्या 39 जणांपैकी अकरा. या आकड्यांनी डॉक्टरमंडळींचे कुतूहल जागे झाले आणि पुढे चाळीस वर्षे अभ्यास होत राहिले. 2019 मध्ये अशा दहा अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सरासरी 24 टक्क्यांनी कमी दिसला. मात्र वर सांगितलेली शंका या दहाही अभ्यासांना लागू पडते, आणि एकच उणीव असलेले दहा अभ्यास एकत्र केल्याने ती उणीव भरून निघत नाही.

चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना कुत्रे द्यायचे, निम्म्यांना द्यायचे नाहीत आणि वीस वर्षे वाट पाहायची, असा प्रयोग केला तरच ही शंका फिटेल. तो कोणी करू शकणार नाही. त्याच्या जवळ जाणारा एक छोटा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये झाला आणि तो आपल्या रक्तदाबाच्या गोळीशी संबंधित आहे. शेअर बाजारात दलाली करणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या 48 जणांना एकच औषध सुरू करण्यात आले आणि त्यातील निम्म्यांना चिठ्ठीने निवडून कुत्रा किंवा मांजर पाळायला लावले. सहा महिन्यांनी पाहिले तर स्वस्थ बसलेले असतानाचा रक्तदाब दोन्ही गटांत सारखाच उतरला होता, कारण ते काम औषधाचे होते. परंतु मनावर ताण येईल असे काम दिल्यावर रक्तदाब जो उसळतो, तो प्राणी पाळणाऱ्यांमध्ये बराच कमी उसळला. यावरून आपण एवढेच घ्यावे की कुत्रा आला तरी गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

मग माझे स्वतःचे मत काय? आयुष्य वाढते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. परंतु कुत्र्यामुळे माणूस चालतो, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या एका वस्तीत केलेल्या पाहणीत, आठवड्याला 150 मिनिटांच्या व्यायामाचा जो दंडक आहे तो पाळणाऱ्यांचे प्रमाण कुत्रेवाल्यांमध्ये इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षकांची अँजिओप्लास्टी झाली होती. दोन वर्षे मी त्यांना चालायला सांगत होतो आणि दर खेपेस गुडघा, पाऊस किंवा परीक्षांचे पेपर असे काहीतरी आडवे येत होते. पुढे त्यांच्या मुलीने रस्त्यावर जखमी झालेले एक पिल्लू घरी आणले. सहा महिन्यांनी ते तपासणीला आले तेव्हा वजन चार किलोंनी उतरले होते आणि पँटची कंबर दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवलेली होती. पहाटे साडेपाचला तो पांघरुणाचे टोक दातांत धरून ओढतो आणि मी उठून बसेपर्यंत सोडत नाही, असे ते मला सांगत होते. रोजच्या फिरण्यात चार कुत्रेवाले ओळखीचे झाले, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. एकट्या माणसाला ही ओळखही औषधाइतकीच उपयोगी पडते. स्वीडनमध्ये एकट्यांमधला फरक भरल्या घरापेक्षा मोठा दिसला, त्याचे एक कारण हेच असावे असे मला वाटते. एकट्याच्या घरात कुत्र्याला फिरवायला दुसरे कोणी नसते, हे त्याचे दुसरे कारण.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. लॅब्राडॉरचे पिल्लू आपण आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे पिल्लू वर्षभरात पंचवीस-तीस किलोंचे होते, साखळीला जोराचे हिसके देते आणि दहा-बारा वर्षे जगते. म्हणजे आपल्या अठ्ठ्याहत्तरीपर्यंत ते आपल्यावर अवलंबून राहील. अमेरिकेत 65 वर्षांवरील लोकांची, कुत्रा फिरवताना पडून हाडे मोडण्याची प्रकरणे 2004 ते 2017 या काळात दुपटीहून अधिक झाली, त्यात स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते आणि सर्वाधिक मोडले ते खुब्याचे हाड. माझ्या परिचयातील एका बाईंनी साखळीचे दोन वेढे मनगटाभोवती घेतलेले होते. समोरून मांजर गेले, कुत्रा झेपावला आणि मनगटाची दोन हाडे एकाच वेळी मोडली. साखळीचा फास मनगटात कधीही अडकवू नये. ती मुठीत धरावी, म्हणजे वेळ आलीच तर सोडून देता येते.

आपल्याला कुत्रा हवाच असेल तर दोन-तीन वर्षांचा, शांत स्वभावाचा, दहा-पंधरा किलोंचा देशी कुत्रा पाहावा. प्राण्यांची देखभाल करणाऱ्या संस्थांकडे असे कुत्रे मिळतात. वयाने मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो, तो आपला उन्हाळाही सोसतो आणि त्याला शी-शूची शिस्त लावण्यासाठी रात्री-अपरात्री उठावे लागत नाही. त्याला रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी, नगरपालिका-महापालिकेच्या परवान्याची चौकशी करावी आणि गोचिडांकडे लक्ष ठेवावे. त्याने किंवा दुसऱ्या कोणत्याही कुत्र्याने दात लावला, ओरखडा काढला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरचाच आहे म्हणून थांबू नये, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

त्याआधी एक गोष्ट करून पाहावी. येत्या एक तारखेपासून महिनाभर, रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, कुत्रा असल्यासारखे अर्धा-अर्धा तास कृष्णेच्या घाटावर किंवा आयर्विन पुलापर्यंत चालून यावे. पाऊस असला तरी जावे, कंटाळा आला तरी जावे. महिना निभावला तर कुत्र्याचा विचार पुढे न्यावा. आपण आजारी पडल्यास किंवा स्वीडनला गेल्यास त्याला कोण सांभाळेल, हेही आधी ठरवावे आणि त्या माणसाचा होकार समक्ष घ्यावा. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने 2013 मध्ये या विषयावर निवेदन काढले. कुत्रा पाळल्याने हृदयविकाराचा धोका कमी होत असावा हे त्यांनी मान्य केले, परंतु केवळ त्या एका हेतूने कोणी प्राणी घरी आणू नये, असेही त्यात बजावले आहे. आपल्या मनात वाड्यातल्या कुत्र्याची आठवण आहे, म्हणून माझा कल होकाराकडे आहे. ती नसती आणि केवळ आकडे असते, तर मी आपल्याला चांगले बूट घ्यायला सांगितले असते.

प्रश्न : माझी आई 74 वर्षांची आहे. तिचा तेरा वर्षांचा कुत्रा तीन महिन्यांपूर्वी वारला. तेव्हापासून ती घराबाहेर पडत नाही, जेवण कमी झाले आहे आणि मागच्या तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला. लगेच दुसरा कुत्रा आणून द्यावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लगेच आणू नये. आणायचा झाल्यास आईंना विचारल्याखेरीज तर मुळीच आणू नये. घरातल्यांनी परस्पर आणलेला दुसरा कुत्रा पुष्कळदा गेलेल्याची जागा बळकावणारा वाटतो, आणि त्याचा त्रास त्या मुक्या जिवालाही होतो.

आईंचे दुःख खरे आहे. ‘एका कुत्र्यासाठी एवढे काय’ असे घरात कोणीही म्हणू नये आणि पाहुण्यांनाही म्हणू देऊ नये. तेरा वर्षे त्यांचा दिवस त्याच्या खाण्याच्या आणि फिरण्याच्या वेळांवर बेतलेला होता. त्या वेळा अजून येतात आणि तेव्हा करायला काही नसते. वाढलेल्या रक्तदाबामागे हे दुःख असेल, परंतु रोजचे दोन वेळचे चालणे एकाएकी बंद झाले, हेही कारण असू शकते. रक्तदाब आणि साखर त्यांच्या डॉक्टरांकडून पंधरा दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावी. जेवण असेच कमी राहिले, झोप उडाली किंवा त्या निरवानिरवीची भाषा करू लागल्या, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यात कमीपणा मानू नये.

दरम्यान आपण किंवा घरातील कोणी, तो कुत्रा ज्या वेळी फिरायला निघे त्याच वेळी आईंबरोबर बाहेर पडावे. रस्ता तोच ठेवावा, कारण त्या रस्त्यावरची माणसे त्यांच्या ओळखीची आहेत. पहिल्या दिवशी कोणीतरी ‘आज एकट्याच?’ असे विचारील आणि त्यांना रडू येईल. येऊ द्यावे. त्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरलात तरी चालेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावे. गळपट्टा आणि साखळी घरात जेथे टांगलेली आहे तेथून त्यांच्या सांगण्याशिवाय हलवू नये.