वाचकांचे प्रश्न : विंचवाला अंधारात कळतं कसं?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं घर गुहागरजवळ आहे, मागे चिऱ्याचा गडगा आहे आणि पावसाच्या तोंडाला तिथे विंचू दिसतातच. परवा रात्री एकावर टॉर्च मारला तर तो जागच्या जागी थांबला, पण मी पाय आपटल्याबरोबर नांगी वर करून फटीत पसार. त्याला दिसतं की ऐकू येतं? आणि जांभळ्या टॉर्चने विंचू चमकतो म्हणतात ते खरं का? (एक वाचक)

उत्तर : तुम्ही पाय आपटलात आणि तो पळाला ना, त्यातच उत्तर आलं बघा. विंचवाला कान नसतात. डोळे मात्र भरपूर, पाठीवर मधोमध दोन आणि पुढच्या कडेला दोन्ही बाजूंना आणखी बारके बारके, पण त्यांनी त्याला आपल्यासारखं स्पष्ट काही दिसत नाही, उजेड कुठे आणि सावली कुठे एवढं कळतं, तेही अगदी मंद प्रकाशात.

खरा कारभार पायांचा. आठही पायांच्या टोकाजवळच्या सांध्यात अतिशय बारीक भेगा असतात, जमीन जराशी हलली तरी त्या दबतात आणि आतल्या नसेला खबर जाते. फिलिप ब्राऊनेल नावाच्या शास्त्रज्ञाने 1977 साली कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटातल्या विंचवांवर हे दाखवलं, वाळूत झुरळासारखा किडा जवळपास 50 सेंटीमीटरवर खुडबुडला तरी विंचू बरोब्बर त्या दिशेला वळायचा, आणि मधे वाळूत फट पाडून कंपनं अडवली की त्याला पत्ताच लागायचा नाही. दिशा कळते कशी, तर आठ पाय गोलाकार टेकलेले असतात, ज्या बाजूने लाट येते तिकडच्या पायांना ती आधी पोचते आणि पलीकडच्यांना किंचित उशिरा. हा किंचित म्हणजे सेकंदाचा पाच हजारावा भाग असला तरी त्याला फरक कळतो! मला तर हे वाचून धन्य वाटलं होतं, एवढासा जीव आणि केवढा हिशोब.

आता आपला गडगा म्हणजे काही वाळू नव्हे, तिथे कंपनं वेगळी पसरणार, पण पाय आपटलेला कळायला अडचण नाही. शिवाय त्याच्या पुढच्या आकड्यांवर, म्हणजे चिमट्यांवर, लांब नाजूक केस असतात, वाऱ्याच्या झुळकीनेही हलणारे, त्यामुळे जवळून पाखरू उडालं तर तेही समजतं. आणि पोटाखाली फणीसारखे दोन अवयव असतात, ते विंचवाशिवाय दुसऱ्या कुणाला नसतात, चालताना तो ते जमिनीला टेकवत जातो आणि वास, चव, खडबडीतपणा सगळं त्यातून घेतो. नर मादीचा माग काढतो तो यानेच.

टॉर्चचं म्हणाल तर शंभर टक्के खरं. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की विंचू हिरवट निळा चमकतो, अंधारात पुष्कळ लांबूनही उठून दिसतो. हे त्याच्या कवचातल्या रसायनांमुळे होतं. याचा त्याला स्वतःला उपयोग काय यावर अजून वाद आहे, एक मत असं की अंगभर कवचच उजेड टिपतं आणि आपण आडोशाला आहोत की उघड्यावर हे त्याला समजतं. मला हे मत पटण्यासारखं वाटतं, पण पक्कं सिद्ध झालेलं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही, आणि आईच्या पाठीवरची पांढुरकी पिल्लंही नाहीत. म्हणजे टॉर्चला दिसला नाही तर विंचू नाहीच असं धरू नका. पडवीतली चप्पल झटकूनच घाला, सोडणांच्या, म्हणजे नारळाच्या सालींच्या ढिगात, लाकडांच्या रचाईत, चिरे उचलताना हात घालू नका, आधी काठीने हलवा, हादरा बसला की बहुतेक वेळा तो स्वतःच निघून जातो.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, आपल्याकडचा लाल विंचू काळ्या इंगळीपेक्षा आकाराने लहान पण जास्त धोकादायक. चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं काही दिसलं, किंवा मूल असेल तर काही दिसायची वाटही न बघता, मंत्रतंत्र न करता सरळ दवाखाना गाठा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने यावर उपचार सुरू केले, 1986 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि त्या आधी हाताबाहेर जाणारे कितीतरी पेशंट त्यामुळे वाचायला लागले.