वजन नव्हे, अंतर मोज

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. प्रबंधाच्या समितीतले एक सर म्हणाले, "हे मेकॅनिकल नाही, फिजिओथेरपीवाल्यांचं काम आहे." गाइड म्हणतात, ब्रॅकेटचं ऑप्टिमायझेशन घे आणि मोकळी हो. पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, आणि ऊसतोड मजुरांच्या कमरेवरचा तुझा विषय मध्येच लोंबकळतोय. नोकरी घ्यावी की नाही, ते मी सांगणार नाही. घरची परिस्थिती तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला अस्वस्थ केलं ते तुझ्या शेवटच्या दोन ओळींनी. "सर, ओपनसिम सॉफ्टवेअरमधून कमरेवरचा मोमेंट काढलाय. फक्त मोळी उचलताना अंगापासून किती लांब असते, ते ०.३ मीटर गृहीत धरलंय."

फक्त? अगं, तेच तर सगळं आहे!

माझ्यासमोर बसल्यासारखा हिशेब कर. मोळी ३० किलोची धर, म्हणजे साधारण ३०० न्यूटन. कमरेच्या खालच्या मणक्यापासून ती ५० सेंटिमीटर पुढे असेल, तर मोमेंट, म्हणजे बल गुणिले अंतर, १५० न्यूटन-मीटर. तो पेलायला मागे पाठीचे स्नायू, आणि त्यांचं मणक्यापासूनचं अंतर जेमतेम ५ सेंटिमीटर. भाग दे. ३००० न्यूटन. हातात ३० किलो आणि स्नायूला ओढायचे ३००, आणि मणक्यांमधली चकती त्याच्याखाली दाबली जातेय. आता तीच मोळी अंगाला लावून २५ सेंटिमीटरवर आण. एकही ऊस कमी न करता मोळीचा निम्मा मोमेंट गेला. आता सांग, ०.३ गृहीत धरून तू काय मोजलंस? स्वतःचं गृहीतकच परत वाचलंस.

वजन विचारू नकोस, अंतर विचार. वजन सगळेच विचारतात, मुकादम विचारतो, कारखान्याचा काटाही विचारतो. अंतर विचारणारा इंजिनिअरच असतो.

"हे मेकॅनिकल नाही" म्हणणाऱ्यांना बोरेली माहीत नसावा. गॅलिलिओच्या परंपरेतला, गणिताचा प्राध्यापक. त्याचं प्राण्यांच्या हालचालींवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ मध्ये छापून आलं. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेले असतात, त्यामुळे उचललेल्या वजनाच्या कितीतरी पट जोर त्यांना लावावा लागतो, हे त्याने तरफेच्या हिशेबाने मांडलं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र घे, १९९१ साली सुधारलेलं. सगळी परिस्थिती उत्तम असेल तर २३ किलो, आणि आडवं अंतर २५ सेंटिमीटरवरून ५० वर गेलं की मर्यादा थेट निम्मी, साडेअकरा किलो. कृत्रिम पायातला फोर-बार, म्हणजे चार दांड्यांच्या जोडणीचा गुडघा बघ. जमिनीकडून येणारी बलरेषा गुडघ्याच्या क्षणिक केंद्राच्या, म्हणजे ज्या बिंदूभोवती तो त्या क्षणी वळतो त्याच्या, पुढून जाते की मागून, यावर तो माणूस उभा राहणार की कोसळणार हे ठरतं. ते केंद्र कुठे ठेवायचं हे कोण ठरवतं? यंत्रांची गतिकी शिकलेला माणूस! फिजिओथेरपिस्ट तुझे सोबती आहेत, त्यांच्याकडून भरपूर शीक, पण तुझं काम त्यांच्यावर ढकलू नकोस.

तुझ्या विषयात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तोडणी, आणि तू ती एका परिच्छेदात उरकली आहेस. मोळी तरी दिसते. तोडताना हातात हलका कोयता असतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, भार कुठे आहे? भार तोडणाऱ्या बाईच्या स्वतःच्या अंगाचा आहे. ५० किलोच्या बाईचं कमरेच्या वरचं शरीर साधारण २६ किलो धर. वाकल्यावर त्याचा गुरुत्वमध्य मणक्यापासून २५ सेंटिमीटर पुढे गेला, तर मोमेंट ६५ न्यूटन-मीटर आणि स्नायूवर १३०० न्यूटन. रिकाम्या हाताने. आणि तासन् तास. त्यात पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू बऱ्याच अंशी शांत होतात आणि भार अस्थिबंधांवर जातो, ते सावकाश ताणत राहतात. तुझं मॉडेल तिथे स्नायूच ओढतोय असं मानून चाललं, तर आकडा सुंदर येईल आणि खोटा असेल.

मग लांब दांड्याचा कोयता द्यावा, असं तू लिहिलंयस. घाई करतेस. ऊस जमिनीलगतच तोडावा लागतो, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते आणि वर खुंट राहिला की खोडवा नीट फुटत नाही. दांडा लांब केलास की कमरेचं अंतर कमी होईल, पण मनगटाचं वाढेल आणि घाव जमिनीलगत बसणार नाही. अंतर नाहीसं होत नाही, एका सांध्यावरून दुसऱ्यावर जातं. कुठल्या सांध्यावर किती, हे मोजणं हाच तुझा प्रबंध आहे.

डोक्यावर मोळी घेणाऱ्या बायका उगाच तसं करत नाहीत. डोक्यावर घेतलं की भार कण्याच्या रेषेत येतो, आडवं अंतर जवळजवळ संपतं. केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचा भार जादा ऊर्जा न खर्चता डोक्यावर नेतात, हे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्या पेपरवर हुरळून जाऊ नकोस. ५० किलोच्या बाईला २० टक्के म्हणजे १० किलो. मोळी त्याच्या कितीतरी पुढे जाते, आणि ती घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं असतं. तिथे मान आणि गुडघा बघ.

आणखी एक, यावर मला रागच आला. ओपनसिममधलं चालण्याचं जे तयार मॉडेल तू उचललंस, ते मुळात १.८ मीटर उंच आणि ७५ किलोच्या माणसाचं आहे. बीडहून आलेली ऊसतोड करणारी बाई त्यात कुठे आहे? स्केल करता येतं, मान्य. पण स्केल करायला तिची मापं लागतात, आणि ती संगणकात नसतात, उसाच्या फडात असतात.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगतो. तुझ्या वयाचा असताना मला मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालांवर काम करायचं होतं. वरिष्ठ म्हणाले, "हमालाचं काय मोजायचं? पंपाची एफिशिअन्सी मोज." घरी भावंडं शिकत होती. मी पंपांकडे वळलो. पंपांनी घर दिलं, मान दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या यार्डातली हमालांची एक अख्खी पिढी वाकून गेली आणि त्यांच्या पाठीचा एकही आकडा कुणी लिहून ठेवला नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

माझ्या नावावर या विषयातला पेपर नाही, असं तुला कुणीतरी सांगेलच. खरं आहे. पण एका कारखान्यात ट्रॉलीवरून लेथवर कास्टिंग चढवताना मध्ये लोखंडी कठडा होता. माणसाला तो ओलांडून, हात लांब करून उचलावं लागायचं. साहेब म्हणत, कास्टिंग हलकं करता येणार नाही. मी म्हणत राहिलो, वजन राहू द्या, अंतर कमी करा. कित्येक महिने भांडून तो कठडा कापायला लावला. तिथले लोक अंगाला लावून उचलायला लागले. ते काम मी कुठल्याही पेपरपेक्षा कमी मानत नाही आणि मानणारही नाही.

समितीला पुढच्या वेळी स्लाइड दाखवू नकोस, फ्री बॉडी डायग्राम काढून दाखव. बलं, अंतरं, सांधे. त्यावर तू स्वतः मोजलेले आकडे असतील, तर हे कुठल्या शाखेचं काम आहे असं कुणी विचारणार नाही. विचारलंच, तर मला फोन लाव.

येत्या रविवारी सांगलीजवळच्या कसबे डिग्रजला ओळखीच्या एका फडात तोड आहे. टोळीच्या मुकादमाशी बोललोय, पण त्या बायांची परवानगी तू स्वतः घ्यायचीस. त्यांची मजुरी टनावर असते, आपल्यासाठी थांबल्या तर त्यांचा ऊस कमी पडतो. म्हणून तोड चालू असताना बाजूने, काटकोनात, तिवईवर मोबाइल ठेवून चित्रीकरण करायचं. मापं जेवणाच्या सुट्टीत घ्यायची, आणि त्या वेळेचे पैसे द्यायचे. ते मी देतो. कमरेवर, खांद्यावर, गुडघ्यावर रंगीत चिकटपट्टी लावू. कपड्यावरून लावली तर ती सरकते, तेव्हा कुठे लावायची हे त्यांनाच विचारून ठरव. ओळंबा, टेप आणि लटकता काटा माझ्याकडे आहे. तू तिवई आणि वही आण, आणि सकाळी सहाला विश्रामबाग चौकात उभी राहा.

तुझा,
सर