मोडीत निघालेला बंब

प्रश्न : सराफ बाजारामागचा आमचा वाडा पाडायला काढलाय, त्यावर कथा लिहिली. आजीचा तांब्याचा बंब परंपरेचं प्रतीक म्हणून घेतला. आमच्या गटात वाचली तर सगळे म्हणाले, प्रतीक पोचत नाही. कथा सोबत पाठवतो आहे. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पोचत नाही कसं? नको तितकं पोचतं! ‘बंब म्हणजे आमच्या घराण्याची ऊब’ असं तुम्हीच सांगून टाकलंत, वाचकाला काम काय उरलं? ते वाक्य आधी काढा.

मला सांगा, हा बंब पेटवतं कोण? तुमच्या कथेत तो आपोआप तापलेला असतो. पहाटे उठून आधी पाणी भरायचं (कोरडा पेटवला तर सांध्याचा जोड सुटतो), मधल्या नळीत चिपाडं सारायची, खालची राख ओढायची, सणावाराला चिंच लावून घासायचा. हे सुनेनंच केलं असणार ना? तिला कथेत एकही वाक्य नाही. भांडी बाजारात बंब मोडीत घालताना दुकानदार लोखंडी जाळी बाजूला काढतो, तांबं काट्यावर चढवतो. आजी तोंड फिरवते आणि सून भाव विचारते. हा प्रसंग लिहून बघा.

पण खरा ऐवज तुम्ही एका ओळीत उरकलात. माजघराच्या भिंतीवर १९६९च्या पुराची खूण आहे, आजी धान्याचे डबे त्या खुणेच्या वरच्याच फळीवर ठेवते. वा! गोदेला पाणी चढलं की आपण नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी कमरेला लागलं की गळ्याला, त्यावर दुकानातला माल हलवायचा का ते ठरतं. तिथे मारुतीला प्रतीक म्हणत कुणी बसत नाही. आजीची फळीही त्याच जातीची. २००८ला पूर आला तेव्हा डबे कोरडे राहिले का? तुम्ही सांगितलेलंच नाही. एडगर ॲलन पोच्या ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’मध्ये (१८३९) वाड्याच्या भिंतीतली बारीक चीर सुरुवातीलाच दिसते आणि शेवटी वाडा तिथूनच दुभंगतो. तुमची खूण मात्र दिसते आणि हरवते. नव्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर, आजी सुताराला फळी किती उंचीवर ठोकायला सांगेल, तेवढं तरी लिहा.

कथा लांबेल ही भीती नको. बंबाच्या वर्णनाची दोन पानं गेली की भरपूर जागा होते.