डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताचे वळण लावले, तर मेंदू बदलतो का?

मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंत फरक कसा निर्माण होतो आणि चार वर्षांच्या डावखुऱ्या मुलाला वळण लावावे का, असे आपण विचारले आहे. वळण मुळीच लावू नका.

गुहागरच्या आमच्या घरी गणपतीत माझी मुलगी विळीवर नारळ खवत असताना माझ्या चुलत सासऱ्यांनी, म्हणजे काकांनी, सर्वांदेखत तिच्या डाव्या हातातली वाटी काढून उजव्या हातात दिली आणि "मेंदू उलटा आहे, कोवळ्या वयातच सरळ करायला हवा," असे सुनावले. उजव्या हाताने तिला वाटी नीट फिरवता येईना, करवंटीचे तांबूस कण खोबऱ्यात उतरले, सारण कळकट झाले आणि त्याचा बोलही तिलाच लागला. त्यानंतर सणासुदीला ती स्वयंपाकघरात येईनाशी झाली, हे मी अजून विसरलेले नाही.

काकांच्या पडवीत दरवर्षी खुडूक कोंबडी बसते, म्हणून मी त्यांना अंड्याचेच उदाहरण दिले. बाहेर येण्याआधीच्या शेवटच्या दिवसांत पिल्लाची मान अशी वळलेली असते की डावा डोळा अंगाखाली झाकला जातो आणि कवचातून येणारा उजेड उजव्या डोळ्यावर पडतो. त्या डोळ्याचे तंतू मेंदूच्या डाव्या बाजूला जातात आणि खड्यांतून दाणे निवडण्यात ती बाजू तरबेज होते. अंडी पूर्ण अंधारात उबवली, तर हा फरक नीट उतरत नाही. मान त्याच बाजूला का वळते, याचे मूळ मात्र त्याहून आधीचे आहे. उंदराच्या गर्भात सूक्ष्म केसांच्या फिरण्याने द्रव डावीकडे ढकलला जातो, हे जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. त्यानंतर नोडल नावाचे जनुक डाव्या बाजूला जागे होते आणि हृदयाची बाजूही त्यातूनच ठरते. झेब्राफिश माशाच्या मेंदूत हा नोडलचा संकेत मिळाला नाही, तरी दोन बाजूंत फरक पडतोच, फक्त कोणती बाजू कशी होणार हे नशिबावर राहते.

माणसाच्या हाताला हे सगळे जसेच्या तसे लागू करू नये, कारण हृदय उजवीकडे असलेल्या लोकांचीही भाषा बहुधा मेंदूच्या डाव्याच बाजूला असते, आणि बहुतेक डावखुऱ्यांचीही तिथेच असते. मग "उलटा मेंदू" कोणाचा? पंधराव्या आठवड्यातील गर्भ कोणता अंगठा चोखतो हे सोनोग्राफीत दिसते आणि तपासलेल्यांपैकी उजवा अंगठा चोखणारी बाळे पुढे उजव्या हाताचीच निघाली, म्हणजे चौथ्या वर्षी वळण लावायला निघणारे फार उशिरा आलेले असतात. देवकार्याला डावा हात चालत नाही, हा काकांचा मुद्दा निराळा आहे आणि त्यावर मी निराळी भांडेन. परंतु त्यासाठी त्यांनी मेंदूचा आधार घेऊ नये.