रामकुंड चकाचक, मग आमच्याकडे पाणवेली का?

प्रश्न: ताई नमस्कार, आमची शेती निफाड तालुक्यात गोदाकाठीच आहे. तिकडे नाशिकला रामकुंडावर कुंभाची तयारी म्हणून सारखी झाडलोट चालू, नि इकडे पाणवेली (जलपर्णी) एवढ्या की मोटारीचा फुटबॉल (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह) दर आठ दिवसांनी नदीत उतरून मोकळा करावा लागतो. कायदा सगळ्यांना एकच ना, मग असं का?
— एक द्राक्षबागायतदार

उत्तर: दादा, कायदा एकच आहे, १९७४ चा पाणी प्रदूषणाचा, पण लक्ष सगळीकडे सारखं नसतं. आता बघा, नासर्डी नदी सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून येते आणि टाकळीजवळ गोदावरीला मिळते, म्हणजे रामकुंडाच्या खाली, त्यामुळे कुंडावर तपासणीसाठी कितीही वेळा बाटली भरली तरी त्यात नासर्डी येणारच नाही, ती येते तुमच्याकडे!

चीनमध्ये यावर बराच अभ्यास झालाय. तिथं पाणी तपासायच्या स्टेशनच्या थोडं वर असलेल्या कारखान्यांवर कडक नजर आणि थोडं खाली असलेले आरामात, कारण त्यांची घाण त्या स्टेशनच्या आकड्यात येतच नाही. आणि प्रांतांना प्रदूषण कमी करायचं टार्गेट दिलं तर प्रांतातल्या नदीच्या अगदी शेवटच्या तालुक्यात पाणी घाण करणारे उद्योग २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाले, पुढं पाणी शेजारच्या प्रांतात जातं ना, मग कोण कशाला डोकं लावेल. नियम एका जागी आवळला की घाण सैल जागा शोधते एवढंच.

पण सगळं कारखान्यांवर ढकलू नका. पाणवेली वाढतात त्या नायट्रोजन-फॉस्फरसवर, आणि तो मुख्यतः शहराच्या सांडपाण्यातून येतो, थोडाफार आपल्याच शेतातल्या खतातून पण (राग मानू नका). साध्या एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) बीओडी, म्हणजे सडणाऱ्या घाणीचं माप, उतरतो, कागदावर पाणी पास होतं, पण हे नायट्रोजन-फॉस्फरस बरंचसं तसंच पुढं जातं, नि तुमच्याच तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याने पाणी तुंबलेलं, मग वेलींची चंगळच.

तुम्ही एक करा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक ऑफिसात माहिती अधिकारात अर्ज टाका आणि टाकळी संगमाच्या वरचे नि खालचे, दोन्हीकडचे महिन्यावार आकडे मागा. नुसतं 'गोदावरीचे आकडे' असं लिहिलंत तर रामकुंडाचेच हातात पडायचे.